बाहेर बर्फ, आत काटा लालवर: थंडीत तापणाऱ्या इंजिनाचा दोष शोधायचा कसा

जानेवारीत नाशिकहून गाडीने स्पितीला गेलो होतो. शिमला, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, ताबो असं करत काझ्याला पोचलो. रात्री पारा उणे वीसच्या खाली गेला. सकाळी गाडी दोन-तीन झटक्यांत चालू झाली, हीटर गरम वारा द्यायला लागला, म्हणून निश्चिंत मनाने निघालो. गावाबाहेरचा चढ लागला आणि तापमानाचा काटा सरळ वर निघाला. काचेवर बर्फाची नक्षी जमलेली, अशात इंजिन तापेलच कसं? मीटर बिघडला असणार, असं म्हणून मी आणखी दोन किलोमीटर गाडी दामटली.

शेवटी थांबलो तेव्हा मागून आलेल्या एका टॅक्सीवाल्याने बोनेट उघडायला लावलं. रेडिएटरच्या खालच्या होज पाइपावर बोटं दाबून तो म्हणाला, "जम गया है, साहब." मीही दाबून पाहिलं. वरच्या पाइपाला हात लाववत नव्हता. खालचा लाकडासारखा टणक होता आणि जोर लावला तसा आतून करकर आवाज आला. बर्फाचा चुरा होता तो. निघण्याआधी तीन आठवडे मी नाशिकच्या एका गॅरेजमध्ये तोच पाइप बदलून घेतला होता. तिथे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरलं आणि वरून थोडं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, टाकलं. कूलंटच्या बाटलीत हिरवा रंग दिसत होता, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

रेडिएटरची प्लास्टिकची खालची टाकी तडकली आणि दोन दिवस तिथेच अडकलो. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाचलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून, तेव्हापासून जे शिकलो ते क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधी पक्की करा. बाहेरच्या थंडीने इंजिन गार राहत नाही, त्याला गार ठेवतं ते फिरणारं कूलंट. जळलेल्या इंधनाची जवळपास एक तृतीयांश उष्णता कूलंट उचलतं आणि रेडिएटरपर्यंत नेऊन सोडतं. फिरणं थांबलं की बाहेर उणे वीस असो की अधिक चाळीस, इंजिन तापणारच. उन्हाळ्यात गाडी तापली तर रेडिएटरमधून पुरेशी उष्णता बाहेर पडत नाही, असं बऱ्याचदा निघतं. थंडीत तापली तर कूलंट रेडिएटरपर्यंत पोचतच नाही, हा संशय पहिला.

१. काटा चढतोय असं दिसलं की लगेच

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण जोरात ठेवा. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटरच असतो, तो थोडी उष्णता खेचून घेतो. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या. काटा लालवर असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर इंजिन बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" हा विचार सोडा, कारण अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकायला काही मिनिटं पुरतात.

किमान पाऊण तास रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या बाटलीच्या झाकणाला हात लावू नका. आत दाबाखाली उकळतं कूलंट असतं, ते थेट तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, ब्लॉकला किंवा हेडला तडा जाऊ शकतो. थंड प्रदेशात तर बर्फ वितळवून रेडिएटरमध्ये घालणारे लोक मी पाहिलेत. ते साधं पाणी त्याच रात्री पुन्हा गोठतं.

बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत काटा नसतोच. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून गार आहे, लाल म्हणजे तापलं. लाल दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून अशा गाडीवाल्यांनी पुढच्या यादीतला स्कॅनर घ्याच.

२. जवळ काय ठेवायचं

सामान:
- टॉर्च, जाड हातमोजे, जुनी फडकी
- पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि दोन होज क्लिप
- गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं, योग्य मिश्रणाचं कूलंट, किमान २ लिटर
- कूलंट हायड्रोमीटर, म्हणजे कूलंट ओढून घेणारी तरंगत्या गोळ्यांची किंवा काट्याची नळी
- ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, ज्याने मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत दिसतं

कागद:
- गाडीचं मॅन्युअल. कूलंटचा प्रकार आणि एकूण क्षमता त्यात दिलेली असते.
- सर्व्हिस बुक आणि शेवटच्या कामाचं बिल
- वॉरंटीचे कागद आणि विमा पॉलिसी, रस्त्यावरच्या मदतीचा नंबर वेगळा लिहून

विम्याबद्दल गैरसमज नको. साध्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही. तापलेली गाडी रेटून हेड गेलं तर तो खर्च तुमचाच, असं धरून चाला.

३. कधी तापली, ते आधी लिहा

गॅरेजमध्ये "गाडी हीट मारते" एवढंच सांगितलं तर मेकॅनिक अंदाजाने एकेक भाग बदलत बसेल. म्हणून चार प्रश्नांची उत्तरं कागदावर उतरवा. गार इंजिन चालू केल्यावर किती मिनिटांनी तापली? उभी असताना, सपाट रस्त्यावर की चढावर? काटा हळूहळू चढला की वरखाली नाचला? त्या वेळी हीटरचा वारा गरम होता की गार?

पहिल्या पाच-दहा मिनिटांत तापली तर गोठलेलं कूलंट, बंद अडकलेला थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) किंवा खराब हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पातळ सील). फक्त उभी असताना तापली तर रेडिएटरचा फॅन. काटा नाचत असेल तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. हे अंदाज झाले, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

४. पूर्ण गार इंजिनावर पातळी पाहा

सकाळी, गाडी चालू करण्याआधी. बाटलीवर किमान आणि कमाल अशा रेषा असतात, पातळी त्यांच्या मध्ये हवी. पण बाटली भरलेली म्हणजे रेडिएटर भरलेला, असं नाही. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून कूलंट काठापर्यंत आहे का बघा. झाकण खराब असलं की कूलंट बाटलीत जातं पण परत ओढलं जात नाही. मग बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा होत जातो.

थंडीत रबर आखडतं, होज क्लिपा सैल पडतात आणि पहाटे थेंब-थेंब गळती होते. इंजिन तापलं की रबर फुगून ती थांबते. म्हणून दुपारी गॅरेजमध्ये गळती सापडत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग बघा. कूलंट बोटांना किंचित चिकट लागतं.

५. हीटर काय सांगतो ते ऐका

माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही. काटा नेहमीच्या जागी आल्यावर हीटर पूर्ण गरमवर करा आणि जाळीसमोर हात धरा.

काटा वर आणि वारा गार, म्हणजे हीटरमध्ये कूलंट पोचत नाही. कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा कूलंट फिरवणारा वॉटर पंप काम करत नाही. पंपाचं पातं झिजलं किंवा दांड्यावर सैल झालं तर उभ्या गाडीत वारा कोमट येतो आणि रेस दिली की गरम होतो. पण कूलंट कमी असतानाही असं होतं, म्हणून पातळी बघितल्याशिवाय पंपाला दोष देऊ नका.

काटा वर आणि वारा कडक गरम, म्हणजे पंप ढकलतोय, इंजिन आणि हीटरमधला फेरा चालू आहे, अडथळा रेडिएटरच्या बाजूला आहे. थर्मोस्टॅट बंद अडकला आहे, रेडिएटर गोठलाय किंवा क्षाराने भरलाय. काझ्यात माझा हीटर उत्तम चालला होता तो यामुळेच. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत कूलंट इंजिन आणि हीटरमध्येच फिरतं, रेडिएटरची गरज लागत नाही. चढावर थर्मोस्टॅट उघडला, पण पुढे बर्फाचा बूच होता.

आपल्याकडच्या गाड्यांत मात्र एक अडचण आहे. नाशिक-पुण्यात हीटर वर्षानुवर्षे कोणी लावत नाही. काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर छोटा व्हॉल्व्ह असतो, तो बंद स्थितीत जाम होतो. काही जुन्या गाड्यांत हीटर गळायला लागल्यावर मेकॅनिकने दोन्ही पाइप परस्पर जोडून टाकलेले असतात. तेव्हा वारा गार आला तर इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून आत जाणारे दोन बारीक पाइप तपासा. दोन्ही गरम असून वारा गार असेल तर दोष डॅशबोर्डच्या आतल्या, वारा वळवणाऱ्या झडपेचा. एक गरम आणि एक गार असेल तर हीटर किंवा व्हॉल्व्ह तुंबलाय.

६. दोन पाइपांना हात लावा

इंजिन बंद, चावी काढलेली, हातात मोजे. चावी काढायची कारण काही गाड्यांचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो.

रेडिएटरला वर एक आणि खाली एक असे दोन जाड पाइप असतात. चांगल्या गाडीत इंजिन पूर्ण तापल्यावर वरचा कडक गरम आणि खालचा त्याहून कमी गरम लागतो. काटा लालवर असूनही वरचा गार असेल तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, म्हणून निष्कर्षाआधी मॅन्युअलमधली आकृती पाहा.

वरचा चटका देणारा आणि खालचा बर्फासारखा असेल तर रेडिएटर तुंबलाय. खालचा पाइप दाबा. टणक लागला किंवा करकरला तर आत बर्फ आहे. मऊ असेल तर बोअरच्या जड पाण्याचा क्षार साचलेला असू शकतो, आणि तो उन्हात ठेवून जात नाही.

बर्फ सापडला तर इंजिन चालू ठेवून तो वितळवायला जाऊ नका, माझी टाकी त्यातच गेली असावी. गाडी ढकलून उन्हात किंवा बंद शेडमध्ये न्या आणि काही तास जाऊ द्या. ट्रकवाले इंजिनाखाली शेगडी पेटवतात, ते छोट्या गाडीखाली करू नका. तिथे प्लास्टिक, वायरिंग आणि पेट्रोलचे पाइप असतात. बर्फ वितळल्यावर गाडी चालू न करता आधी गळती शोधा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि त्याने कुठे काय तडकवलंय ते वितळल्यावरच दिसतं.

निफाडला पारा ४-५ अंशांवर येतो तेवढ्या थंडीत मात्र कूलंट गोठत नाही. महाराष्ट्रातल्या हिवाळ्यात गाडी तापली तर हे कारण वगळा आणि पुढच्या पायऱ्यांकडे वळा.

७. कूलंट किती पातळ झालंय ते मोजा

रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हा नुसता रंग असतो आणि चमचाभर कूलंटने बादलीभर पाणी हिरवं दिसतं. मोजायचं ते इथिलीन ग्लायकॉलचं, म्हणजे कूलंट गोठू न देणाऱ्या द्रवाचं प्रमाण. अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असेल तर मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. एक तृतीयांश ग्लायकॉल असेल तर उणे १७-१८ पर्यंत, पाव असेल तर उणे १२ च्या आसपास. जास्त घातलं की जास्त चांगलं, असंही नाही. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या सुमारास गोठतं, त्यामुळे पाणी न मिसळता ओतलेलं कूलंटही थंडीत दगा देतं.

हायड्रोमीटर नसेल तर घरचा फ्रीज वापरा. प्लास्टिकच्या छोट्या बाटलीत रेडिएटरमधलं कूलंट अर्ध्यापर्यंत घ्या, झाकण घट्ट लावा, वर मोठ्या अक्षरांत "विष" लिहा आणि पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर असतो. सकाळी बाटलीत बर्फाचा चुरा दिसला तर त्या कूलंटवर हिमाचलला, लडाखला निघू नका. ही चाचणी मी आता दर हिवाळ्यात करतो. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडंही पोटात गेलं तरी घातक ठरतं, म्हणून मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून दूर ठेवा आणि बाटली नंतर फेकून द्या.

कूलंट विकत घेताना डबा उलटून वाचा. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. मिसळायचं असेल तर नळाचं नको, डिस्टिल्ड पाणी घ्या. वेगवेगळ्या प्रकारचं कूलंट एकमेकांत मिसळू नका, त्याचा गाळ होऊ शकतो.

८. झाकण: उंचावर गेल्यावरच कळणारा दोष

या भागाकडे जवळजवळ सगळे दुर्लक्ष करतात. रेडिएटरच्या किंवा बाटलीच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा, बार या एककात. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा वाढेपर्यंत झाकण धरून ठेवतं, आणि दाब वाढला की कूलंट उशिरा उकळतं.

नाशिकला साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काझं साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे ते ८८ च्या आसपासच उकळतं. झाकण ठणठणीत असेल तर आतलं कूलंट काझ्यातही ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली असेल तर नाशिकला गाडी कशीबशी निभावते, पण उंचावर इंजिनाच्या नेहमीच्या तापमानालाच कूलंटला उकळी फुटते. वाफ हीटरमध्ये आणि हेडमध्ये अडकते, काटा नाचायला लागतो आणि माणूस थर्मोस्टॅट बदलत बसतो.

गार इंजिनावर झाकण काढा. रबराची वायसर चिरलेली, कडक झालेली असेल किंवा स्प्रिंगला गंज असेल तर नवीन झाकण घ्या, त्याच आकड्याचं. जास्त आकड्याचं लावलं तर जुने पाइप फुटतील.

९. थर्मोस्टॅट काढून पाहा, पण काढून टाकू नका

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाने चालणारी झडप. मेण वितळून फुगलं की झडप उघडते. किती अंशांना उघडायची ते तिच्यावर कोरलेलं असतं, बहुधा ८२ किंवा ८८. तपासायला ती दोऱ्याने टांगून पाण्याच्या भांड्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. शेजारी थर्मामीटर धरा. आकड्याजवळ झडप हलायला लागली आणि पाणी उकळेपर्यंत पुरती उघडली तर ती ठीक आहे. भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. आणि ही चाचणी घरीच करा. काझ्यात पाणीच ८८ ला उकळतं, तिथे चांगली झडपही खराब ठरेल.

आता सापळा. गाडी तापते म्हटलं की आपल्याकडे बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि पाइप थेट जोडतात. "आपल्या हवेत लागत नाही" असं सांगतात. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर थंडीत इंजिन कधीच नीट तापत नाही. पेट्रोल जास्त जातं, तेलात पाणी साचतं, हीटर कोमट राहतो, आणि गाडी का तापत होती ते मूळ कारण तसंच राहतं. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड आला तर इंजिन ठरल्या वेळेत तापत नाहीये, म्हणजे झडप उघडी अडकलीय किंवा काढून टाकलीय असा संशय घ्या.

१०. फॅन, बेल्ट, पुठ्ठा

इंजिन चालू ठेवून उभी गाडी तापवा, फॅन फिरला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज आणि रिले (फॅनला वीज सोडणारा स्विच) पाहा. वॉटर पंप बाहेरच्या बेल्टवर असेल तर बेल्टचा ताण आणि भेगा तपासा. थंडीत इंजिन लवकर तापावं म्हणून रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा गोणपाट बांधलं असेल तर चढ सुरू होण्याआधी काढा. गाडीच्या पुढच्या जाळीत बर्फ ठासून बसला असेल तर तोही.

११. हेड गॅस्केट: घाईने ठरवू नका

हे सगळ्यात खर्चिक निदान आहे आणि थंडीत ते चुकण्याची शक्यताही सगळ्यात जास्त. पहाटे सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतेच. इंजिन पूर्ण तापल्यावरही ती थांबली नाही आणि वास गोडसर आला, तरच चिंता करा. तेलाच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा फेस दिसला की लोक घाबरतात, पण थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरली तरी वाफ जमून तसा फेस येतो. डिपस्टिकवरचं (तेलाची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) तेल दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालवू नका.

भरवशाच्या खुणा तीन. गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा फुगतो. कूलंटच्या बाटलीत बुडबुडे सतत येत राहतात. कुठेही गळती नसताना कूलंट कमी होत जातं. तिन्ही जुळल्या तर हेड खोलायला होकार देण्याआधी गॅरेजमध्ये दोन चाचण्या मागा: कूलंटची प्रेशर टेस्ट आणि कूलंटमध्ये जळालेला वायू मिसळतोय का हे रंगबदलाने दाखवणारी टेस्ट. कॅनडा-अमेरिकेत नव्याने राहायला गेलेल्यांनीही या दोन्हींचा निकाल लेखी घ्यावा, तिथे मजुरी फार महाग पडते.

१२. दुरुस्तीनंतर हवा काढा

कोणताही पाइप उघडला की आत हवा शिरते, आणि ती काढली नाही तर दुरुस्त केलेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा तापते. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा. इंजिन गार असताना झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कूलंट हळूहळू भरा आणि मग इंजिन चालू करा. हवा काढायचा स्क्रू दिलेला असेल तर त्यातून अखंड धार येईपर्यंत तो सैल ठेवा. बुडबुडे थांबले, हीटरचा वारा कडक गरम आला आणि खालचा पाइप गरम व्हायला लागला की पातळी भरून झाकण लावा.

मग लगेच लांब निघू नका. घराजवळच्या एखाद्या चढावर अर्धा तास गाडी फिरवा, स्कॅनरवर तापमान बघत राहा, रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पातळी पुन्हा पाहा. आदल्या दिवशीच्या रेषेवर बाटलीला पेनाने खूण करून ठेवली असेल तर किती उतरली ते लगेच कळतं.